भोपळा, तीळ, धूर

एकतीस वर्षं मी फोर्टात बँकेत काढली. दुपारी डबा संपवून काळा घोडा भागात पाय मोकळे करायचे, डेव्हिड सॅसून लायब्ररीतल्या लांब आरामखुर्चीवर दहा मिनिटं पडायचं आणि परत खातेवह्यांत डोकं घालायचं, हा नेम. त्यामुळे लेकीने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिथल्याच एका फाइन डाइनमध्ये टेबल राखलं, तेव्हा “मॅप लावू नकोस, मी आहे ना!” असं मी टॅक्सीत दोनदा बजावलं.

दारच सापडेना. रॅम्पार्ट रोच्या मागच्या गल्लीत आम्ही तीन चकरा मारल्या. अशा जागांना म्हणे पाटी लावायची नसते. ज्याला कळायचं त्याला कळतं. इंग्रजांच्या कोटाला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते, पण ते निदान दिसत तरी होते! १८६०च्या दशकात तटबंदी पाडली ती शहर मोकळं व्हावं म्हणून, हे मी लेकीला समजावत होतो आणि ती फोनवर कुणाला तरी “आलोच, बाहेरच आहोत” असं विनवत होती. टेबल पंधरा मिनिटंच धरून ठेवतात. शेवटी ज्याला मी गोदामाचं दार समजून तीनदा ओलांडलं, तेच आतून उघडलं. माझं चुकलं नव्हतं. माझ्या वेळी तिथे गोदामच होतं.

आत भिंतींचं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या. आमच्या इमारतीत हे आपोआप झालंय आणि त्यावरून सोसायटीच्या तीन सभा उधळल्यात. त्यात अंधार इतका, की मेनू वाचायला मी मोबाइलचा टॉर्च लावला. तो नेमका शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यावर पडला आणि त्यांनी घाईघाईने हात सोडवले. म्हटलं, “चालू द्या.” लेकीने टॉर्च काढून घेतला.

मोठ्या ताटलीत एवढासा घास, हा विनोद जुना झाला. तो सोडून देतो. मला गोंधळात टाकलं ते मेनूने. पदार्थांना नावंच नाहीत, वाण्याच्या यादीसारखं नुसतं सामान: ‘बीट, संत्रं, अक्रोड.’ ‘भोपळा, तीळ, धूर.’

“धुराचे पैसे लावतात?” हिने विचारलं.

“आई, हळू बोल ना.”

“नाही, आपल्याकडे फुकट होतो म्हणून विचारलं.”

वेटर मात्र फार अदबीचा मुलगा. भोपळा मागवला तर त्याने आधी शेफच्या आजीचं गाव, तिची चूल, त्या चुलीपुढचं शेफचं बालपण असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. इतकं ऐकून घेतल्यावर आपणही काही द्यावं म्हणून मी त्याला काळ्या घोड्याची गोष्ट सांगितली. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा अश्वारूढ पुतळा. अल्बर्ट सॅसूनने १८७९ साली शहराला दिला, १९६५ साली हलवला, आता राणीच्या बागेत असतो. २०१७ साली इथे नवा घोडा आला, पण त्यावर स्वार नाही. मी भोपळ्याबद्दल जितक्या आस्थेने ऐकलं होतं, तितक्याच आस्थेने त्याने ऐकलं. फिटंफाट झाली.

मग भोपळा आला, काचेच्या घुमटाखाली. वेटरने घुमट उचलला, पांढऱ्या धुराचा लोट टेबलभर पसरला आणि ही खुर्चीतून अर्धी उठली.

“अहो, निघताना गॅस बंद केला होतात ना?”

शेजारचं जोडपं पहिल्यांदाच एकमेकांकडे न बघता आमच्याकडे बघत होतं. भोपळा बरा होता, हे कबूल करायला हवं. चार घासांपुरता तर फारच बरा.

बिलाचा आकडा सांगत नाही. हिला अजून तो कळलेला नाही. लेक पैसे देणार होती, तरी बेरीज तपासायचा हात शिवशिवतोच. शेवटच्या ओळीत दहा टक्के सर्व्हिस चार्ज! हॉटेलांनी तो परस्पर बिलात घालू नये, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच बजावलंय. मी घसा खाकरला.

“बाबा, प्लीज,” लेक म्हणाली. तोवर तिचा फोन टुंग वाजून पैसे गेलेही होते.

दुसऱ्या दिवशी घरी खीर तळाला लागली. नेहमी अशा वेळी ही अर्धा तास स्वतःवर आणि मग माझ्यावर चिडते. त्या दिवशी तिने शांतपणे वाटी माझ्यापुढे ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “शेवया, दूध, धूर.”