शहराचं पाणी तोडा, असं टोडारो कधीच म्हणाले नव्हते

'स्थलांतराचं अर्थशास्त्र, पाच मुद्द्यांत' असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: खेड्यातली माणसं झगमगाटाला भुलून, काही विचार न करता शहरात येतात. शहरं फुगली ती त्यांच्यामुळेच. शहरात रोजगार वाढवला की बेकारी वाढते हे 'नोबेलविजेते' अर्थतज्ज्ञ टोडारो यांनी १९७० सालीच गणिताने सिद्ध केलं; म्हणून वस्त्यांना पाणी, घरं, रेशन देणं बंद करा, लोक आपोआप परत जातील. शहरात गेलेला माणूस गावाला विसरतो. आणि गावात काम दिलं की कुणी गाव सोडतच नाही.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. 'मावशी, निबंधाला आयता मुद्दा मिळाला' म्हणत त्याने हा मेसेज मला पाठवला, आणि टोडारोंचा मुद्दा वहीत उतरवूनही घेतला. उद्या हीच मुलं एखाद्या वस्तीच्या नळजोडणीच्या अर्जावर शेरा मारायला बसणार आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

सुरुवात त्याच मुद्द्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो. टोडारो यांना नोबेल मिळालेलं नाही. या विषयातलं नोबेल १९७९ मध्ये अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांना (थिओडोर शुल्ट्झ यांच्यासोबत) मिळालं, आणि लुईस यांचं १९५४ चं म्हणणं या मेसेजच्या नेमकं उलट आहे. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात, ते उद्योगांकडे वळले की देशाचं उत्पादन वाढतं, असं त्यांनी मांडलं.

आता टोडारो आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ जॉन हॅरिस यांनी १९७० च्या लेखात मांडलेलं गणित. समजा गावात महिन्याला १०० मिळतात आणि शहरातल्या पक्क्या नोकरीत २००. नोकरी मिळण्याची शक्यता निम्मी असेल तर शहरात जाणाऱ्याची अपेक्षित कमाई १०० च राहते, म्हणजे जाण्यात फायदा उरत नाही आणि ओघ तिथे थांबतो. आता सरकारने शहरात १,००० नोकऱ्या नव्या काढल्या. शक्यता वाढली, म्हणून गावाकडून आणखी माणसं निघाली. शक्यता पुन्हा निम्म्यावर येईपर्यंत, म्हणजे २,००० माणसं येईपर्यंत, हे चालतं. नोकरी लागली १,००० जणांना, आणि बेकारांत भर पडली तीही १,००० ची. केनियात १९६४ साली सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून नोकऱ्या वाढवण्याचा करार केला, तेव्हा साधारण हेच झालं: बातमी पसरली आणि नोकरी शोधणारेच वाढले. इथपर्यंत मेसेज खरा आहे.

पण त्या गणितात पाण्याचा नळ कुठे आहे? घर, रेशन, शाळा कुठे आहे? तिथे आहे फक्त मजुरी आणि नोकरीची शक्यता. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की शहरातली पक्की मजुरी आणि गावातली कमाई यांतली दरी हे मूळ दुखणं आहे, आणि गावची कमाई वाढवल्याशिवाय नुसत्या शहरी नोकऱ्यांनी ते बरं होणार नाही. तहानलेल्या वस्तीचं पाणी तोडल्याने ती दरी एका पैशाने कमी होत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी. त्याच लेखात हॅरिस आणि टोडारो यांनी मजुरीवर अनुदान (म्हणजे मजुरीचा काही भाग सरकारने देणं) आणि त्याच्या जोडीला स्थलांतरावर निर्बंध असा उपायही तपासला आहे. पण माणसाच्या फिरण्यावर बंदी घालण्याबद्दलची नैतिक अस्वस्थता त्यांनी तिथेच नोंदवली. आणि १९७४ मध्ये अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी दाखवून दिलं की शेती आणि उद्योग दोन्हीकडे सारखं मजुरी-अनुदान दिलं तर निर्बंधाची गरजच उरत नाही. मेसेज लिहिणारा १९७० ला थांबला, त्यातही अर्ध्यावर.

त्या गणिताची दुसरी अडचण याहून मोठी आहे. पक्की नोकरी न मिळालेला माणूस शहरात रिकामा बसून राहतो, असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात गरिबाला बेकार राहणं परवडतच नाही. मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी घानातल्या आक्रा शहरात पाहिलं, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७२ च्या केनिया अहवालातही तेच आलं: ज्यांना बेकार म्हणून मोजायचं ती माणसं विकत होती, दुरुस्त करत होती, वाहून नेत होती. 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्द तिथून रुळला. आणि जाच केल्याने लोक परत जातात म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावं. कृष्णवर्णीयांना शहरात राहायला परवाना सक्तीचा करणारे पासचे कायदे, अटका, वस्त्या पाडणं, सगळं दशकानुदशकं करून झालं. माणसं येतच राहिली, आणि १९८६ मध्ये ते कायदे रद्द करावे लागले.

आता 'विचार न करता येतात' हा मुद्दा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बांगलादेशात रंगपूर भागात भाताच्या कापणीआधी दरवर्षी उपासमारीचे महिने येतात, त्यांना तिथे 'मोंगा' म्हणतात. शेतात काम नसतं, शहरात असतं, तरी बरीच घरं जागची हलत नसत. २००८ मध्ये ब्रायन, चौधरी आणि मोबारक या संशोधकांनी तिथल्या काही गावांत घरटी सुमारे साडेआठ डॉलर दिले, साधारण जाण्यायेण्याच्या भाड्याइतके, आणि अट एकच: घरातल्या कुणीतरी हंगामापुरतं बाहेर कामाला जायचं. त्यामुळे पैसे मिळालेल्या घरांपैकी सुमारे २२ टक्के घरांतून, जिथून एरवी कुणी गेलं नसतं, माणूस बाहेर पडला. त्या घरांत मागे राहिलेल्यांचा खाण्यापिण्यावरचा आणि गरजांवरचा खर्च ३० टक्क्यांच्या आसपास वाढला. पुढच्या वर्षी पैसे दिले नव्हते, तरी त्यांतले काही पुन्हा गेले.

म्हणजे इतका फायदा समोर असताना ही माणसं आधी का जात नव्हती? काम नाही मिळालं तर भाड्याचे पैसे बुडणार, आणि ज्याच्या घरात चार दिवसांचंच धान्य आहे त्याच्यासाठी ते बुडणं म्हणजे पोरांची उपासमार. हा हिशेब आहे, आणि फार कडक हिशेब आहे. हीच योजना पुढे मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा २०१७ मध्ये तिचा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये ती बंद झाली, हेही सांगायला हवं. पण योजना फसली म्हणून त्या माणसांचा हिशेब खोटा ठरत नाही.

'शहरं यांच्यामुळेच फुगली' यावर थोडक्यात. भारतात २००१ ते २०११ या काळात शहरी लोकसंख्या वाढली त्यात शहरातच जन्मलेल्यांचा वाटा गावाहून आलेल्यांपेक्षा मोठा होता. शिवाय जनगणनेने शहर म्हणून नव्याने मोजलेली गावं आहेतच: अशी 'जनगणना शहरं' १,३६२ होती, ती ३,८९४ झाली. तिथली माणसं कुठेही गेली नाहीत, त्यांचं गावच शहरांच्या यादीत गेलं.

'गावाला विसरतो' हेही चूक. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं की स्थलांतराचा निर्णय एकट्याचा नसतो, घराचा असतो. एकाने शेती सांभाळायची, एकाने बाहेर कमवायचं, म्हणजे पाऊस दगा देईल तेव्हा सगळे एकदम बुडत नाहीत. त्याच वर्षी लुकास आणि स्टार्क यांना बोट्स्वानात आढळलं की दुष्काळात, ज्या घरांची गुरं धोक्यात होती तिथे बाहेर गेलेल्यांकडून पैसे जास्त येत होते.

राहिला गावातल्या कामाचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. रोजगार हमीचं काम मिळालं तिथे हंगामी स्थलांतर कमी झालं, असं इम्बर्ट आणि पॅप यांच्या भारतातल्या अभ्यासात दिसतं. पण 'कमी झालं' आणि 'कुणी गाव सोडतच नाही' यांत फार अंतर आहे. हाताशी थोडा पैसा आला, पोरं शिकली, की काही घरं पहिल्यांदा भाडं भरण्याइतकी सावरतात आणि तेव्हाच कुणीतरी बाहेर पडतं. ते अडवायचं कशासाठी, हे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही.