‘बदललेला रिसेप्टर म्हणजे बिघडलेलं कुलूप’ हा दावा का चुकीचा आहे

जनुकीय तपासण्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाचं कुलूप असतं. रसायनाची किल्ली लागली की त्यातलं चॅनल, म्हणजे विद्युतभारित कण (आयन) ये-जा करतात तो मार्ग, उघडतं. किल्ल्या जितक्या जास्त, तितकं काम जोरात. मेंदूतल्या रसायनांपैकी ग्लुटामेट चेतापेशीला उत्तेजित करतो, गाबा शांत करतो. जनुकात बदल झाला की कुलूप बिघडतं आणि आजार ठरलेला; उपाय एकच, रसायन वाढवा.

हे वाचायला सोपं आहे, म्हणून पटकन पटतं. पण ज्यांच्या घरात असा बदल दाखवणारा अहवाल आलेला आहे, त्यांना हाच मजकूर उलट्या औषधाकडे नेऊ शकतो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासून पाहायला हवं.

आधी ते कुलूप. रसायन चिकटणं आणि चॅनल उघडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे देल कास्तियो आणि कात्झ या शास्त्रज्ञांनी 1957 मध्येच मांडलं होतं. 1976 मध्ये नेहर आणि साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनलमधून जाणारा प्रवाह मोजून दाखवला. या मोजमापांत चॅनल हळूहळू उघडताना दिसत नाही. ते एकदम उघडतं, काही मिलिसेकंद तसं राहतं आणि एकदम मिटतं. रसायन नसतानाही ते क्वचित उघडतं, आणि रसायन चिकटलेलं असताना मिटलेलंही राहू शकतं. रसायनामुळे वाढते ती उघडण्याची शक्यता. ती प्रत्येक रेणूमुळे सारखी वाढत नाही. धूम्रपान सोडवण्यासाठी देतात ते व्हॅरेनिक्लिन निकोटिनच्याच रिसेप्टरला घट्ट चिकटतं, पण चॅनल निकोटिनपेक्षा कमी प्रमाणात उघडतं. त्याचा उपयोग होतो तो यामुळेच.

‘किल्ल्या जास्त तर काम जास्त’ हे तर भूल देणारे डॉक्टर रोज खोटं ठरताना पाहतात. स्नायू सैल करण्यासाठी ते देतात ते सक्सिनिलकोलिन स्नायूवरचा ॲसिटिलकोलिन रिसेप्टर उघडतं; ॲसिटिलकोलिन म्हणजे चेतातंतूचा संदेश स्नायूला देणारं रसायन. आधी स्नायू क्षणभर फडफडतात आणि मग पूर्ण लुळे पडतात, कारण उत्तेजना ओसरतच नाही आणि शेजारची सोडियम चॅनल निष्क्रिय होऊन बसतात. शिवाय रसायन बराच वेळ तसंच राहिलं, तर ते चिकटलेलं असूनही रिसेप्टर प्रतिसाद देणं थांबवतो. कात्झ आणि थेस्लेफ यांनी हेही 1957 मध्येच नोंदवलं.

गाबाचं थोडक्यात सांगतो. गाबा-ए हा गाबाचा रिसेप्टर क्लोराइड या ऋणभारित कणाचं चॅनल आहे; हा कण आत गेला की पेशी शांत होते, बाहेर आला की उत्तेजनेकडे झुकते. क्लोराइड आत जाणार की बाहेर येणार, हे पेशीच्या आत तो किती साठलेला आहे यावर ठरतं. मेंदूच्या वाढीच्या सुरुवातीच्या काळात चेतापेशींत क्लोराइड जास्त असतो, तेव्हा तोच गाबा पेशीला उत्तेजनेकडे ढकलू शकतो.

आता खरा घातक भाग: ‘बदल म्हणजे बिघाड, आणि उपाय एकच’.

प्रौढ स्नायूवरचा ॲसिटिलकोलिन रिसेप्टर पाच उपघटकांचा, म्हणजे प्रथिनांच्या पाच तुकड्यांचा, असतो: दोन अल्फा आणि एकेक बीटा, डेल्टा, एप्सिलॉन. त्यांच्या जनुकांतल्या बदलांमुळे जन्मजात मायस्थेनिक सिंड्रोम, म्हणजे स्नायू दुबळे करणारे आजार, होतात. पापण्या झुकतात, हातपाय लवकर थकतात. बाहेरून चित्र बरंचसं सारखं दिसतं, पण आत घडणाऱ्या गोष्टी निरनिराळ्या असतात. काही बदलांत रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसे पोहोचतच नाहीत. ‘फास्ट चॅनल’ प्रकारात चॅनल फार लवकर मिटतं. ‘स्लो चॅनल’ प्रकारात ते गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं, कॅल्शियम आत शिरत राहतो आणि चेता-स्नायू संधीचीच हानी होते.

पायरिडोस्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलिनला जास्त वेळ टिकवतं. फास्ट चॅनलच्या रुग्णाला त्याने बळ मिळतं. स्लो चॅनलच्या रुग्णाची तब्येत त्याच गोळीने बिघडू शकते. त्याला उपयोगी पडतात क्विनिडिन किंवा फ्लुओक्सेटिन. फ्लुओक्सेटिन आपल्याला नैराश्यावरचं औषध म्हणून माहीत आहे, पण इथे ते देतात ते उघड्या चॅनलमध्ये अडथळा आणून उघडं राहण्याचा वेळ कमी करण्यासाठी. एकाच रिसेप्टरच्या दोन बदलांना विरुद्ध दिशांचे उपचार लागतात. ‘रसायन वाढवा’ हा सरसकट सल्ला मला म्हणूनच निष्काळजीपणाचा वाटतो.

मेंदूतल्या एनएमडीए या ग्लुटामेटच्या रिसेप्टरचंही तसंच. त्याचा एक उपघटक घडवणाऱ्या जीआरआयएन2ए या जनुकातले काही बदल त्याचं काम कमी करतात, काही वाढवतात, आणि दोन्ही गटांत फेफरं येऊ शकतं. हा रिसेप्टर रोखणाऱ्या मेमँटिनचा विचार काम वाढलेल्या गटातच सयुक्तिक ठरतो.

आणि काही वेळा बदल असणं हीच निरोगी स्थिती असते. ॲम्पा या ग्लुटामेटच्याच दुसऱ्या रिसेप्टरच्या ग्लूए2 उपघटकात चॅनलच्या मार्गातल्या एका जागी जनुक ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा (प्रथिनाच्या एका घटकाचा) संकेत देतं. पेशी मात्र आरएनएमध्ये, म्हणजे जनुकाच्या कामचलाऊ नकलेत, दुरुस्ती करून तिथे आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल बसवते, त्यामुळे कॅल्शियमला अटकाव होतो. ज्या उंदरांत ही दुरुस्ती पूर्ण होऊ दिली नाही, त्यांना झटके येऊन ते लहानपणीच मेले. जनुकाची नुसती अक्षरं वाचून हे चॅनल कसं वागेल ते कळलंच नसतं.

उरलं ‘आजार ठरलेला’. निकोटिनच्या रिसेप्टरचा एक उपघटक घडवणाऱ्या सीएचआरएनए5 जनुकातल्या बदलामुळे त्या प्रथिनात 398 व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्परॅजिन येणं हा लोकांत बऱ्यापैकी आढळणारा बदल आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो निकोटिनचं व्यसन जड होण्याची शक्यता वाढवतो, पण ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही त्याला हे व्यसन लागत नाही. अप्रभावी प्रकारांत, म्हणजे आजारासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या लागतात तिथे, एकच बदललेली प्रत असलेली व्यक्ती सहसा केवळ वाहक असते. 2015 पासून रूढ झालेल्या वर्गीकरणात जनुकीय बदलांचे निरुपद्रवी ते आजारकारक असे पाच वर्ग आहेत आणि त्यांच्या मधोमध ‘अर्थ अनिश्चित’ हा वर्ग आहे. त्यातल्या बदलावरून आजाराचं निदान करत नाहीत, औषधही ठरवत नाहीत.

अहवाल हाती असेल तर जनुकशास्त्राच्या तज्ज्ञाला हे विचारा: हा बदल कोणत्या वर्गात आहे, एका प्रतीत आहे की दोन्ही प्रतींत, आणि त्याने चॅनलचं काम वाढतं की घटतं हे प्रयोगशाळेत कुणी मोजलं आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवलेल्या मजकुरावरून कोणतंही औषध सुरू करू नका, आणि चालू असलेलं परस्पर बंदही करू नका.