खुलासा : नौपाड्यातल्या परिसंवादात कुणाचीही औषध-चाचणीसाठी नोंद झालेली नाही

‘महिला आरोग्य परिसंवादाला गेलेल्या बायकांच्या सह्या घेऊन त्यांना औषधाच्या चाचणीत घातलं’ असा मेसेज दोन दिवस सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सोबत सह्यांच्या कागदाचा फोटो. तो कागद मीच टेबलावर ठेवला होता. हजेरीपट आहे तो : नाव, मोबाइल, सही आणि कोपऱ्यात चहाचा डाग.

चाचणीची संमती अशी एका ओळीत उरकत नाही. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, सीटीआरआयवर म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी लागते (ती कुणालाही ऑनलाइन फुकट बघता येते) आणि संमतीपत्र बाईला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं.

भीती अगदीच हवेतली नाही, हे मान्य. आंध्र आणि गुजरातमधल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीवरून गदारोळ झाला होता. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. म्हणूनच आपल्या परिसंवादात अर्धा तास ‘सही करण्याआधी काय विचारायचं’ यावरच गेला. मेसेज लिहिणाऱ्या ताई तेव्हा बहुधा बटाटेवड्याच्या रांगेत असाव्यात.

तो फोटो मात्र कृपया डिलीट करा. त्यात साऱ्याजणींचे नंबर दिसतायत.