हाकला म्हणायला काय लागते

आज दुपारी अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर चहा घेत होतो, बाजूचा एक पोट्टा मोबाईलवर म्यानमारमधून बांगलादेशात पळालेल्या रोहिंग्यांच्या कॉक्स बाजार कॅम्पचा व्हिडिओ पाहत होता अन् मोठ्यानं म्हणाला, "यायले समुद्रात ढकलून द्या." चारजण हसले. डोकंच फिरलं माझं.

राजेहो, आपल्या तालुक्यात बसून हे बोलता? गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी कॅम्प आहे, त्यांचे स्वेटर घालून आपले हिवाळे गेले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाल्यांची गावं आहेत. आमच्या धुऱ्याला लागून ज्यांची धानाची बांधी आहे त्या बंगाली मावशी 1964 साली आल्या, लहान होत्या, आधी रायपूरजवळच्या माना कॅम्पात तंबूत. त्यांच्या पेटीत कॅम्पचं कार्ड आहे, घड्यांवर फाटलेलं, मागून टेप लावलेली. माणसं 5 लिहून खोडलंय, बाजूला 4. तो खोडलेला त्यांचा धाकटा भाऊ. तंबूतच गेला.

बोट ठेवून दाखवतात त्या जागेवर, बोलत काही नाहीत.

2017 मध्ये काही महिन्यांत 7 लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, त्या गरीब देशानं घेतले. अन् मोठे देश? पैसे आटवले, 2023 मध्ये माणशी रेशन 12 डॉलरवरून 8 वर आलं, महिन्याचं बरं का! तिथंही कोणाच्या कार्डावर असाच आकडा खोडला जात असंल. युक्रेनच्या लोकांसाठी युरोपनं 2022 मध्ये पळून आलेल्यांना लगेच तात्पुरता आसरा द्यायचा, 2001 पासून पडून असलेला नियम आठवड्याभरात काढला, चांगलंच केलं, पण 2015 मध्ये सीरियाचे लोक बुडत होते तेव्हा तो काहून नाही आठवला?

हो, स्थानिकांची मजुरी पडते, जंगल तुटते, मान्य. येणाऱ्यांची तपासणीही करा. पण 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आपल्याकडं कोटीभर लोक आले, तेव्हा आपले बाप काही श्रीमंत नव्हते, तरी त्यांच्या मदतीसाठी पत्रावर 5 पैशांचं जास्तीचं तिकीट लावलंच ना लोकांनी.

आपला देश 1951 च्या निर्वासित करारात नाही, आपल्याकडं वेगळा कायदाही नाही. म्हणून तिबेट्यांना एक वागणूक, रोहिंग्यांना दुसरी, सगळं त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर. मावशीच्या घरच्यांना जमीन भेटली, कारण तेव्हा सरकारच्या मनात आलं. मनात नसतं आलं तं? खासदार मत मागायला आले की मी कायद्याचं विचारणार आहे, तुम्हीबी विचारा.