परदेशी नेमणुकांचा '४० टक्के अपयश' हा आकडा पुढे पाठवू नका

एचआर आणि एमबीएच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: 'परदेशी पाठवलेले ४० टक्के कर्मचारी मुदतीआधीच परततात, हे संशोधनाने सिद्ध झालंय.' तसं सिद्ध झालेलं नाही. व्यवस्थापन-संशोधक रोझली टुंग यांच्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या पाहणीत २० ते ४० टक्के माणसं परत बोलवावी लागलेल्या अमेरिकी कंपन्या फक्त ७ टक्के होत्या. युरोपी आणि जपानी कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही आत होतं. याच क्षेत्रातल्या संशोधक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी १९९५ मध्ये या आकड्यांचा एकेक संदर्भ मागे जात तपासला, तेव्हा मोठ्या आकड्यांखाली ठोस पुरावा सापडला नाही. मूळ लेख न उघडताच एकमेकांचे हवाले दिले गेले होते. या ४० टक्क्यांच्या आकड्यावर प्रबंधाचा विषय बेतणाऱ्या विद्यार्थ्यांची खरंच काळजी वाटते. तो संदेश कृपया थांबवा, आणि ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासाही पाठवा.