‘ईसीजी नॉर्मल, तरी चार तास बसवून ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. वडिलांना सकाळपासून छातीत जळजळत होतं म्हणून आमच्या हृदयरोग केंद्रात आणलं. ईसीजी नॉर्मल आला, तरी आम्ही घरी सोडलं नाही, चार तास बेडवर ठेवलं. ईसीजी परत काढला, रक्त दोनदा घेतलं, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि शेवटी ‘आत्ता अटॅक नाही’ एवढंच सांगितलं. वर ट्रेडमिलसाठी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करायच्या हृदयतपासणीसाठी, पुन्हा यायला लावलं. ‘साधं पित्त होतं, साडेसहा हजाराला पडलं, नुसती लूट आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. आणि मागून आलेल्या पेशंटला आधी आत घेतलं, हाही राग आहे.

वडिलांच्या रिपोर्टबद्दल इथे चारचौघांत मी एक अक्षरही लिहिणार नाही. ते त्यांचं खासगी आहे आणि तुम्ही स्वतः काही लिहिलं असलं तरी मला तो हक्क मिळत नाही. खाली लिहितोय ते छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला लागू आहे. सविस्तर लिहितोय, कारण हा रिव्ह्यू कराड, पाटण, उंब्रजकडची माणसं वाचतात. त्यातल्या एखाद्याने ‘ईसीजी नॉर्मल आला की उठून घरी जायचं’ एवढंच डोक्यात ठेवलं, तर त्याचं होणारं नुकसान साडेसहा हजारांत भरून निघणारं नाही.

आधी ईसीजीचं बोलू, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. सिस्टर छातीवर सहा आणि हातापायांना चार चिकट्या लावतात, छातीवर केस दाट असतील तर तेवढी जागा साफ करतात, ‘हलू नका, बोलू नका’ म्हणतात आणि मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद बाहेर येतो. त्या कागदावर साधारण 10 सेकंदांची नोंद असते. हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके देतं, त्यातले दहा-पंधरा ठोके आपण पाहिलेले असतात. पावसाळ्यात कृष्णेच्या पुलावरून जाताना क्षणभर खाली बघितलं, पाणी पात्रात होतं, म्हणून रात्री ते चढणार नाही असं कुणी म्हणत नाही. ईसीजीचं तसंच आहे. त्या दहा सेकंदांत बदल दिसला तर तो सोन्यासारखा पुरावा आहे. नाही दिसला, तर त्या दहा सेकंदांत दिसला नाही एवढंच म्हणता येतं.

रक्तवाहिनीतली गुठळी एका जागी गप्प बसत नाही. ती थोडी वाढते, थोडी विरघळते, वाट अर्धवट बंद होते, पुन्हा उघडते. पेशंट येतो तेव्हा दुखणं कमी झालेलं असतं, पहिला कागद स्वच्छ निघतो. अर्ध्या-पाऊण तासाने त्याच माणसाला दरदरून घाम फुटतो, मळमळतं, दुसरा कागद काढावा तर दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे एका बाजूने बघणारी रेघ) ‘एसटी’ नावाचा रेघेचा भाग वर चढलेला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. हे आम्ही आमच्याच बेडवर होताना पाहिलेलं आहे, आणि तो पेशंट त्या वेळी उंब्रजच्या पुढे एसटी बसमध्ये असता तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून दुखणं चालू असेल किंवा परत आलं तर पहिल्या तासात 15 ते 30 मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा, हा जगभरचा नियम आहे. पहिला कागद बिघडला म्हणून दुसरा काढला, असं त्यात काही नसतं.

काही वेळा सिस्टर पेशंटला कुशीवर वळवून डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली चिकट्या लावतात. नातेवाइकांना ते विचित्र वाटतं. हृदयाची मागची भिंत नेहमीच्या बारा लीड्समध्ये नीट पकडली जात नाही, म्हणून ती मागून बघावी लागते. मागच्या भिंतीचा एखादा अटॅक नेहमीच्या कागदावर जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो.

आता रक्त दोनदा का घेतलं ते. ही तपासणी ट्रोपोनिनची. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे, स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. पण झिरपायला वेळ लागतो. दुखायला लागून तासभरच झाला असेल तर खरा अटॅक असूनही पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकतं. म्हणून वापरतो त्या किटप्रमाणे एक ते तीन तासांनी, जुन्या पद्धतीच्या किटला त्याहून उशिरा, दुसरा नमुना घ्यावा लागतो. खरी माहिती त्या दोन आकड्यांमधल्या फरकात असते. किडनीचा जुना आजार असलेल्या माणसाचं ट्रोपोनिन बारा महिने थोडं वाढलेलंच असू शकतं. एकच आकडा बघून त्याला अटॅक ठरवला तर तीही चूकच. आकडा चढतोय की जिथल्या तिथे आहे, हे एकाच सुईत कळत नाही. चार तासांतला मोठा भाग या थांबण्याचा असतो. तो वेळ कमी करता येत नाही, कारण तो मशीनचा किंवा आमचा नसतो, पेशंटच्या रक्ताचा असतो.

‘साधं पित्त होतं’ या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. हे तुम्ही संध्याकाळी, सगळे रिपोर्ट हातात आल्यावर लिहिलंय. सकाळी दारात आलेल्या माणसाकडे बघून ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, ढेकर, उलटी, घाम ही लक्षणं पित्ताचीही असतात आणि हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकचीही. सोडा पिऊन किंवा पित्ताची गोळी घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय सुटलं, असंही नाही. डायबेटिसवाल्यांना, बायकांना आणि वयस्कर माणसांना तर पुष्कळदा छातीत दुखतच नाही; नुसता दम लागतो, गळून जातं, जबडा किंवा खांदा भरून येतो. आपल्याकडे मात्र ठरलेला क्रम आहे: आधी सोडा-लिंबू, मग ओवा, मग मेडिकलमधून गोळी, मग गावातच एक इंजेक्शन, आणि दुपार टळल्यावर जीप करून आमच्याकडे. तोवर स्नायूचा एक भाग गेलेला असतो, आणि गेलेला स्नायू परत येत नाही. तुम्ही वडिलांना सकाळी आणलंत, हे अगदी योग्य केलंत. रागाच्या भरात पुढच्या वेळी ‘मागे काही निघालं नव्हतं’ म्हणून थांबू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

‘वय काही फार नाही’ असंही तुम्ही म्हटलंय. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत तो 59 च्या आसपास होता. आमच्या ओपीडीत चाळिशीतले ड्रायव्हर, शिक्षक, ऊसतोडीचे मुकादम येतात. वयावरून कुणाला परत पाठवणं आम्हाला परवडत नाही.

ट्रेडमिल त्याच दिवशी का केली नाही, मशीन तर समोरच होतं, असा तुमचा प्रश्न आहे. ज्याच्या छातीत आज दुखतंय आणि अटॅक आहे की नाही हे अजून ठरायचंय, त्याला पट्ट्यावर चालवणं धोक्याचं आहे. त्या तपासणीत आपण मुद्दाम हृदयाला पळवतो. पट्टा ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि 10 टक्के चढावर सुरू होतो, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात, वयाप्रमाणे ठरलेल्या ठोक्यांच्या 85 टक्क्यांपर्यंत तरी न्यायचं असतं. हे पेशंट स्थिर झाल्यावरच करायचं. तुमची एक जास्तीची खेप झाली हे खरं, पण त्या दिवशी ट्रेडमिल करून दिली असती तर तो डॉक्टर म्हणून माझा गुन्हा ठरला असता.

आणि ती नॉर्मल आली तरी ‘आता दहा वर्षं बघायला नको’ असं समजू नका. ट्रेडमिल मुख्यतः मोठे, रक्तपुरवठा अडवणारे अडथळे पकडते. तीस-चाळीस टक्क्यांचा चरबीचा थर त्यात दिसत नाही, आणि पुष्कळ अटॅक असाच थर अचानक फाटून त्यावर गुठळी झाल्याने येतात. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांची चौकशी आम्ही नॉर्मल रिपोर्टवाल्यालाही करतो ती त्यासाठी. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे बायकांना प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

मागून आलेल्याला आधी घेतलं, त्याबद्दल. तो पेशंट कोण होता हे सांगता येणार नाही. नियम सांगतो. छातीत दुखतंय म्हणून कुणीही आलं की 10 मिनिटांत त्याचा ईसीजी झालाच पाहिजे, अपॉइंटमेंट असो वा नसो. त्यात रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचं दिसलं तर सगळं बाजूला ठेवून त्याला कॅथलॅबमध्ये, म्हणजे बंद वाहिनी नळी घालून उघडतात त्या खोलीत, न्यायचं. दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत वाहिनी उघडणं हे उद्दिष्ट असतं. त्या वेळी मी ओपीडीत नसतो, बाहेर रांग ताटकळते, आणि रिसेप्शनवरच्या मुलींना लोकांची बोलणी खावी लागतात. उद्या तुमच्या घरचं कुणी तसं आलं तर त्यालाही याच नियमाने रांगेच्या पुढे नेऊ.

पैशांचं थोडक्यात. दरपत्रक काउंटरशेजारी भिंतीवर आहे, तुमच्या बिलात प्रत्येक तपासणी वेगळी लिहिलेली आहे. एखादी रक्कम त्या दरपत्रकाशी जुळत नसेल तर बिल घेऊन या, मी स्वतः बसून बघतो. पाठवणाऱ्या डॉक्टरांना आम्ही कट देत नाही.

तुमच्या रिव्ह्यूखाली कुणीतरी ‘हे लोक धडधाकट माणसाला स्टेंट टाकतात’ असं लिहिलंय, त्यालाही इथेच उत्तर देतो. स्टेंट म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी. तिच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा घातली, औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हा 29,600 रुपये ठरली होती, आणि त्यानंतरही ती सरकारच ठरवतं. अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, त्यात शंका नाही. पण चालताना ठरावीक अंतरावर दुखतं, थांबलं की राहतं, अशा स्थिर पेशंटला आधी चांगली औषधं देऊन बघावीत, हे 5,179 पेशंटच्या इस्केमिया अभ्यासाने 2020 मध्ये पुन्हा दाखवून दिलं: मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा नसेल आणि हृदयाची ताकद बरी असेल, तर लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने आयुष्य वाढतं असं त्यात दिसलं नाही. दुखणं कमी होण्यासाठी मात्र उपयोग होतो. म्हणून अँजिओग्राफीत (हृदयाच्या वाहिन्यांच्या एक्स-रे तपासणीत) अडथळा दिसूनही आम्ही अनेकांना गोळ्यांवर ठेवतो. ‘ब्लॉकेज आहे तर काढून का टाकत नाही’ म्हणून तेही भांडतात.

आता तुमच्यापुरतं काम. वडिलांचे दोन्ही ईसीजी काढून बघा. तो कागद उष्णतेवर छापला जातो, काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून आजच झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. पुढे कधीही, कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तर हा जुना कागद नव्या कागदाशेजारी धरून बघण्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं. नवीन काय आणि जुनंच काय, ते एका नजरेत कळतं. ट्रेडमिलच्या तारखेला येताना त्याच फाइलीत चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. कुठली गोळी आदल्या दिवशी बंद ठेवायची ते तुमच्या मनाने ठरवू नका, फाइलवरच्या नंबरवर सिस्टरना विचारा. जड जेवण करून येऊ नका, चालायला सोपे बूट घाला. आणि त्याआधी छातीत, पोटाच्या वर किंवा जबड्यात पुन्हा तसंच झालं, घाम आला, दम लागला, तर तारखेची वाट पाहू नका. मोटरसायकलवर मागे बसवून आणू नका, 108 ला फोन करा. रात्री दोन वाजतासुद्धा आमचं दार उघडं असतं.

— केंद्राचा संचालक व हृदयरोगतज्ज्ञ, कराड