माप दुप्पट म्हणजे माल दुप्पट नव्हे

पावसाआधी घराची डागडुजी निघाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'बांधकामाचं सोपं गणित' नावाचा एक मजकूर फिरू लागतो. त्याचा नियम एका ओळीचा आहे: माप दुप्पट तर माल दुप्पट, माप अर्धं तर माल अर्धा. खाली चार उदाहरणं दिली आहेत, टाकी, वाळू, मासळीची पेटी आणि हापूस. चारही चुकीची आहेत. टाकीचं तर धोक्याचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

'टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट करा, पाणी दुप्पट साठेल,' असं त्यात म्हटलंय. सगळ्या बाजू 1 मीटर असलेल्या टाकीत 1 घनमीटर, म्हणजे 1000 लिटर पाणी मावतं. तिन्ही बाजू 2 मीटर केल्या तर 2 × 2 × 2, म्हणजे 8000 लिटर. पाणी दुप्पट नाही, आठपट. मजकुरातला नियम एकच बाजू वाढवली तर खरा ठरतो. विहिरीचा घेर तोच ठेवून ती दुप्पट खोल केली तर आतली जागा दुप्पट होते. खोली तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर मात्र चौपट.

पाणी जास्त मावलं तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. बिघडतं ते स्लॅबवर. 1000 लिटर पाण्याचं वजन 1 टन, 8000 लिटरचं 8 टन. टाकीचा तळ मात्र 1 चौरस मीटरवरून 4 चौरस मीटरच झाला. म्हणजे स्लॅबच्या दर चौरस मीटरवर आधी 1 टन होता, तिथे आता 2 टन आला. खांबांची जाडी-रुंदीही दुप्पट करू म्हटलं, तरी त्यांचा छेद चौपट होतो आणि पाण्याचा भार आठपट, त्यामुळे काँक्रीटवरचा ताण दुप्पटच राहतो. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात हेच हाडांबद्दल मांडलं: मोठ्या जनावराचं हाड लहान जनावराच्या हाडासारखंच, फक्त त्या प्रमाणात वाढवलेलं असून भागत नाही, ते त्याहून जाड लागतं. किनाऱ्यालगतच्या जुन्या घरांत खाऱ्या हवेनं सळया आधीच गंजलेल्या असतात. तिथे हा मजकूर वाचून मोठी टाकी चढवू नका. आधी इंजिनिअरला दाखवा.

पागोळ्यांचं पाणी साठवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पाऊस छपराच्या क्षेत्रफळावर मोजायचा. 3000 मिलिमीटर पावसात 100 चौरस मीटर छपरावर हंगामात फार तर 3 लाख लिटर पडतं. छपराची लांबी-रुंदी दुप्पट केली तर चौपट पाणी येतं, आठपट नाही.

आता वाळू. 'ढीग उंचीने अर्धा उरला, म्हणजे अर्धी वाळू उरली.' ढीग शंकूसारखा असतो आणि शंकूचा बहुतेक माल तळाशी असतो. वरून कापत अर्ध्या उंचीवर आणला तर अजून सात अष्टमांश वाळू शिल्लक असते. चारही बाजूंनी उचलून तसाच, पण निम्म्या उंचीचा ढीग उरला तर फक्त एक अष्टमांश. ब्रासवर पैसे मोजणाऱ्याला हा फरक चांगलाच महागात पडतो.

आपल्याकडे हे हिशेब फार जुने आहेत. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती'त धान्याची रास मोजायची रीत दिली: परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. भातासारख्या कुसळाच्या धान्यासाठी उंची परिघाच्या नवव्या भागाएवढी धरलेली आहे. म्हणजे खळ्यातल्या राशीभोवती नुसती दोरी फिरवली तरी माप निघतं. परीघ 18 हात, तर उंची 2 हात आणि रास 18 घनहात. परीघ 36 हात, तर उंची 4 आणि रास 144. दोरी दुप्पट, भात आठपट. मला या रीतीचं फार अप्रूप वाटतं.

'मासळीची पेटी मोठी घेतली तर तिला बाहेरची हवा जास्त लागते, म्हणून बर्फ लवकर संपतो.' हे उलटं आहे. सगळ्या बाजू दुप्पट केल्या तर बाहेरचा पृष्ठभाग चौपट आणि आतला बर्फ आठपट. त्याच जाडीच्या भिंती असतील तर किलोमागे आत येणारी उष्णता निम्मी होते. बर्फाचा चुरा करून मासळीवर घालतात तो याच्याच दुसऱ्या बाजूने: एकूण पृष्ठभाग वाढतो आणि मासळी लवकर गार होते.

हापूसबद्दल म्हटलंय, 'आकार 10 टक्के मोठा, तर वजन 10 टक्के जास्त.' आंबा सगळीकडून 10 टक्के मोठा असेल तर 1.1 × 1.1 × 1.1, म्हणजे वजन 33 टक्के जास्त. 250 ग्रॅमच्या फळाच्या जागी साधारण 333 ग्रॅमचं.

आणि ज्याला खरोखर दुप्पटच पाणी हवंय, त्याने 1 मीटरच्या टाकीची प्रत्येक बाजू 1.26 मीटर करावी. 2000 लिटर मावतील.